जागा कोणाच्या नावावर?

अर्जातला पहिला प्रश्न नावाचा होता, दुसरा आधार क्रमांकाचा आणि तिसरा जागेचा. पहिल्या दोन प्रश्नांपर्यंत तिचा आवाज खणखणीत होता. तिसऱ्याला ती अडखळली आणि माझ्याकडे पाहू लागली.

“जागा कोणाच्या नावावर आहे, ताई?” टेबलापलीकडच्या मुलाने पुन्हा विचारले.

“मालकाच्या.”

“म्हणजे मिस्टरांच्या?”

“नाई जी, घरमालकाच्या. आमी भाड्यानं रायतो.”

मुलगा भला होता. हसला नाही, वैतागलाही नाही. त्याने पेन खाली ठेवले, अर्ज फिरवून आमच्याकडे केला आणि रिकाम्या रकान्यावर बोट ठेवले. “इथं जागेचा कागद लागतो. आखीव पत्रिका, खरेदीखत, असं काही. तुमच्या नावानं नसेल तर या प्रकारात बसत नाही.”

बाहेर व्हरांड्यात आल्यावर तिने पदराने तोंड पुसले आणि एवढेच म्हणाली, “भाड्यानं रायनाऱ्याले घर लागत नाई का, भाऊ?”

प्रश्न साधा होता, पण त्याचे उत्तर माझ्यापाशी नव्हते. घरी आल्यावरही तो डोक्यातून जाईना. मग योजनांचे कागद मिळवून वाचले, नगरपालिकेतून निवृत्त झालेल्या एका स्नेह्याला दोन दुपारी छळले. जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवतो आहे.

नागपूरहून काटोल रस्त्याने निघाले की वीस-बावीस किलोमीटरवर कळमेश्वर लागते. तालुक्याचे गाव. माझी धाकटी बहीण लग्न होऊन तिथे गेली, त्यामुळे माझे जाणे-येणे जुने. पंचक्रोशीत कापूस आणि संत्री. आदासाचा गणपती आणि विदर्भाचे पंढरपूर म्हणून भाविक ज्याला मानतात ते धापेवाडा हाकेच्या अंतरावर. इटारसीकडे जाणारा लोहमार्ग गावाला लागून जातो. आणि या सगळ्याला चिकटून औद्योगिक वसाहत, पोलादाचा कारखाना, त्याच्या आगेमागे लहानमोठे उद्योग. कारखाना आला की मजूर येतो, मजूर आला की घराच्या मागच्या गोठ्याची खोली होते. माझ्या बहिणीच्या शेजाऱ्यांनीही तेच केले. जिथे दोन म्हशी बांधलेल्या मी पाहिल्या होत्या, तिथे आज ओळीने चार खोल्या आहेत, वर पत्रे, समोर एक नळ आणि कोपऱ्यात चौघांत मिळून एक संडास. त्यातल्या तिसऱ्या खोलीत ही बाई राहते. नाव सांगत नाही, तिला ते आवडणार नाही.

नवरा एका कारखान्यात कंत्राटदाराकडे कामाला. महिन्याला बारा हजारांच्या आसपास हाती पडतात, तेही भरतील तितक्या दिवसांचे. संत्र्याच्या हंगामात ती प्रतवारीच्या कामाला जाते, एरवी दोन घरची धुणीभांडी. मोठी मुलगी अकरावीला, धाकटा मुलगा सातवीत. खोलीचे भाडे अडीच हजार, विजेचे वेगळे. मीटर मालकाचे, त्यामुळे युनिटचा दर मालक म्हणेल तो. भिंतीवर बाबासाहेब आणि रमाईंची तसबीर, खाली पत्र्याची पेटी, पेटीत एक बिस्किटाचा डबा, आणि डब्यात घरादाराचे सगळे कागद. गेल्या अकरा वर्षांत या कुटुंबाने चार खोल्या बदलल्या. दर वेळी कारण वेगळे होते. एका मालकाच्या मुलाचे लग्न ठरले, एकाने खोली पाडून दुकान काढले, एकाला अकरा महिन्यांवर भाडेकरू ठेवायचाच नव्हता. बाईचे हिशेबाचे डोके चांगले आहे. तिने एकदा मला सांगितले, “भाऊ, आतापर्यंत भाड्यातच एक घर गेलं आमचं.” मी कागदावर आकडे मांडून पाहिले. अडीच हजार गुणिले बारा गुणिले अकरा, म्हणजे तीन लाख तीस हजार. सुरुवातीला भाडे कमी होते हे धरले तरी अडीच लाखांच्या खाली रक्कम येत नाही.

अडीच लाख हा आकडा ध्यानात ठेवावा. कारण शहरी भागात स्वतःच्या जागेवर घर बांधणाऱ्या गरीब कुटुंबाला सरकार नेमके तेवढेच देते. प्रधानमंत्री आवास योजना २५ जून २०१५ रोजी सुरू झाली. तिच्या ज्या प्रकारात लाभार्थी स्वतः घर बांधतो, त्यात केंद्राचे दीड लाख आणि महाराष्ट्र राज्याचे एक लाख मिळतात. २०२४ च्या सप्टेंबरात तिचा दुसरा टप्पा आला. आर्थिक दुर्बल घटकासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा तीन लाख. कुटुंबातल्या कोणाच्याही नावे देशात कुठेही पक्के घर नसावे. गेल्या वीस वर्षांत कुठल्याही सरकारी घरयोजनेचा लाभ घेतलेला नसावा. घर शक्यतो कुटुंबातल्या स्त्रीच्या नावे, नाहीतर दोघांच्या नावे. शेवटची अट मला विशेष आवडते. ज्या बाईच्या नावे आयुष्यात कधी बसची पाससुद्धा निघाली नाही, तिच्या नावे घर निघते.

आमच्या या बाईकडे बघा. उत्पन्न मर्यादेच्या निम्म्यावर. पक्के घर कुठेही नाही. लाभ कधी घेतलेला नाही. सगळ्या अटींत ती बसते. अडते ते एकाच ठिकाणी, घर बांधायला पायाखाली स्वतःची जमीन नाही. अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी राज्याची रमाई आवास घरकुल योजना २००८ पासून आहे. तिच्याबद्दल या घरात फार आशा होती, तसबिरीतल्या माउलीचेच नाव. पण तिथेही स्वतःची जागा किंवा स्वतःचे कच्चे घर असावे लागते. आदिवासींसाठीच्या शबरी योजनेत तेच. इतर मागासवर्गीयांसाठी २०२३ मध्ये आलेल्या मोदी आवास योजनेतही तेच. नावे बदलतात, खाती बदलतात, तिसरा प्रश्न तसाच राहतो.

रमाईंचे नाव निघाले म्हणून एक गोष्ट सांगावीशी वाटते. बाबासाहेब आणि रमाबाई परळच्या बी.आय.टी. चाळीत राहत. १९१२ पासून पुढे सुमारे बावीस वर्षे बाबासाहेबांचा मुक्काम या चाळीतल्या दोन खोल्यांत होता. दादरला राजगृह बांधून झाले आणि थोड्याच काळात, १९३५ च्या मे महिन्यात, रमाबाई गेल्या. म्हणजे त्यांचा जवळजवळ सगळा संसार भाड्याच्या खोलीत झाला. ती चाळ तरी कोणाची? १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, दाट वस्त्यांत माणसे पटापट मेली, आणि सरकारला जाग येऊन १८९८ मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्या ट्रस्टने कामकऱ्यांसाठी बांधलेल्या या चाळी. सार्वजनिक संस्थेने बांधायचे, मालकी आपल्याकडे ठेवायची आणि गरिबाला परवडेल अशा भाड्याने द्यायचे, असा तो व्यवहार. त्यानंतर १९२० च्या दशकात वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथे उभ्या राहिलेल्या बी.डी.डी. चाळींतही हेच झाले. खोल्या लहान होत्या, संडास सामाईक होते, त्यांचे गोडवे गाण्याचे कारण नाही. पण गिरणीत नव्याने लागलेल्या माणसाला तिथे कोणी “तुझी जमीन कुठे आहे?” असे विचारत नव्हते.

आपल्या विदर्भातही हा विचार परका नव्हता. केंद्र सरकारने १९५२ मध्ये औद्योगिक कामगारांसाठी अनुदानित गृहनिर्माण योजना आणली. राज्यांना कर्ज आणि अनुदान द्यायचे, त्यांनी गाळे बांधायचे, कारखान्यातल्या कामगाराला कमी भाड्याने द्यायचे, अशी तिची रचना. त्या काळी नागपूर मध्य प्रदेशात होते, तिथले गृहनिर्माण मंडळ १९५० च्या कायद्याने झालेले. राज्य झाल्यावर १९६० मध्ये त्याचे विदर्भ गृहनिर्माण मंडळ झाले आणि १९७७ च्या डिसेंबरात ते म्हाडात विलीन झाले. नागपुरात अजूनही वस्तीच्या नावामागे ‘क्वार्टर’ हा शब्द लागतो, तो त्या पिढीचा अवशेष.

मग ही वाट बुजली कशी? एका वाक्यात सांगायचे तर भाडे परवडेना आणि वाढवताही येईना. गाळ्यांचे भाडे इतके थोडे की डागडुजीचा खर्च निघेना. थकबाकी वसूल करायला जावे तर ते मतदार. शेवटी मंडळांनी ते गाळे राहणाऱ्यांच्याच संस्थांच्या नावे करून देण्यात सुटका मानली आणि पुढे बांधायचे ते विकण्यासाठी, हे धोरण रुळले. ज्यांना गाळा मिळाला त्यांचे कल्याण झाले. नंतर आलेल्यांना भाड्याचा गाळा राहिलाच नाही.

खाजगी घरांची कथाही याच वळणाची. मी वाढलो महालात, एका वाड्याच्या मागच्या दोन खोल्यांत. त्या वेळी विदर्भात १९४९ चा घरे भाड्याने देण्याविषयीचा आणि भाडे नियंत्रणाचा आदेश लागू होता. भाडेकरूला नोटीस द्यायची तरी मालकाला आधी रेंट कंट्रोलरची परवानगी काढावी लागे. आमच्या घरात ‘कंट्रोलर’ हा शब्द देवाच्या नावासारखा घेतला जाई. मालक वर्षा-दोन वर्षांनी वडिलांना तिथे उभे करायचा, वडील तारखेला डबा घेऊन जायचे आणि संध्याकाळी “पुढची तारीख” म्हणत परत यायचे. भाडे वर्षानुवर्षे तेच राहिले. छतही तेच राहिले, आणि पावसाळ्यात आईची सगळी पातेली खोलीभर मांडलेली असत. मालकाची बाजू तेव्हा मला कधी दिसली नाही. आता दिसते. त्या भाड्यात त्याने कवेलू तरी कुठून बदलावी? तो आदेश गेला, ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आला. त्यात वर्षाला चार टक्के भाडेवाढीची मुभा मिळाली. पण मालकांच्या मनात बसलेली धास्ती गेली नाही. अकरा महिन्यांचा करार, तोही नोंदणी न करता, आणि बारावा महिना लागायच्या आत “दुसरी खोली पाहा”, ही रीत त्या धास्तीतूनच पक्की झाली. आमच्यासारख्या जुन्या भाडेकरूंना जे संरक्षण मिळाले, त्याची किंमत या तिसऱ्या खोलीतल्या बाईने मोजली, असे मी म्हटले तर कोणाला राग येऊ नये.

इथे एक गोष्ट आपण मध्यमवर्गीयांनी मनाशी कबूल करायला हवी. भाड्याला सरकारी मदत ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. माझ्या पगारात निवृत्तीपर्यंत घरभाडे भत्ता होता. जुन्या करप्रणालीत त्या भत्त्यावर प्राप्तिकराची सूट आजही मिळते. म्हणजे ज्याची नोकरी पक्की, त्याच्या भाड्याला हातभार आहे. ज्याची नोकरी कंत्राटदाराच्या मर्जीवर, त्याला तो नाही.

परदेशात हा प्रश्न सुटला आहे असे नाही, पण तिथे तो विचारला तरी गेला. पहिल्या महायुद्धानंतर व्हिएन्ना शहराने घरांवर खास कर बसवून त्या पैशातून साठ हजारांवर भाड्याची घरे बांधली. १९३० मध्ये पुरा झालेला कार्ल-मार्क्स-होफ हा त्यातला प्रसिद्ध. ती घरे नगरपालिकेने विकली नाहीत, आणि आज तिच्याकडे सुमारे सव्वादोन लाख घरे भाड्याने दिलेली आहेत. इंग्लंडने १९१९ च्या कायद्याने नगरपालिकांना घरे बांधायला लावले, आणि १९८० पासून तीच घरे भाडेकरूंना विकायला काढली. पुढे तिथे घरांसाठीच्या याद्या लांबल्या आणि खाजगी घरात राहणाऱ्या गरिबाचे भाडे सरकारने भरण्याचा खर्च वाढत गेला. दोन्ही गावच्या गोष्टी आहेत, आपण त्यांतून काय घ्यायचे ते घ्यावे.

आपल्याकडे भाड्याची आठवण सरकारला झाली ती २०२० च्या टाळेबंदीत. माणसे डोक्यावर गाठोडी घेऊन महामार्गांवरून चालत निघाली, नागपूरच्या बाह्य वळणरस्त्यावर आपणही ती पाहिली. ज्या शहरात दहा-दहा वर्षे राबली, तिथे भाडे थकताच त्यांना थांबायला जागा नव्हती. त्याच वर्षी जुलैत केंद्राने परवडणाऱ्या भाडे-गृहसंकुलांची योजना मंजूर केली. सरकारी पैशाने बांधून रिकामी पडलेली घरे भाड्याने द्यायची, किंवा उद्योगांनी आणि संस्थांनी आपल्या मोकळ्या जमिनीवर मजुरांसाठी भाड्याची घरे उभारायची, असे तिचे दोन मार्ग. आवास योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात भाड्याची घरे हा स्वतंत्र प्रकारच केला आहे. २०२५ च्या मे महिन्यात राज्य मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या गृहनिर्माण धोरणात औद्योगिक क्षेत्राजवळ कामगारांसाठी घरे, भाड्याची घरे, हे शब्द आले आहेत. कागदावर शब्द येणे ही पहिली पायरी असते, तिला कमी लेखू नये. पण कळमेश्वरसारख्या ठिकाणी, जिथे कारखाना आणि खोली यांच्यात सायकलचे अंतर असते, तिथेच या शब्दांची खरी परीक्षा आहे. वसाहतीच्या कडेला अशा दोनशे खोल्या उभ्या राहिल्या, स्वच्छ, नळ-संडासासह, आणि भाडे अडीच हजारच ठेवले, तरी ही बाई उद्या पेटी उचलून तिथे जाईल. फुकट तिने कधी मागितलेले नाही.

आता तिच्यापुढे आज काय आहे, ते पाहू. कारण अशी कुटुंबे अनेक वाचकांच्या ओळखीची असतील, कदाचित त्यांच्याच मागच्या खोलीत असतील.

पहिला पर्याय तयार सदनिकेचा. म्हाडा किंवा नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरणासारख्या संस्था आवास योजनेत बांधतात त्या. इथे जमीन लागत नाही, अर्ज करायचा आणि सोडतीत नाव येण्याची वाट पाहायची. सोडत म्हणजे घर मिळाले असे पुष्कळांना वाटते. तसे नसते. अनुदान वजा जाता उरलेली रक्कम कित्येक लाखांत असते आणि ती भरायला बँकेचे कर्ज लागते. बँक पगाराची चिठ्ठी मागते. कंत्राटदार पगार देतो, चिठ्ठी देत नाही. यावर उपाय एकच, पगार रोख न घेता खात्यावर घ्यायचा आग्रह धरावा आणि दोन-तीन वर्षांचे पासबुक तयार करावे. घर घेण्यासाठी काढलेल्या कर्जाच्या व्याजावर दुसऱ्या टप्प्यात एक लाख ऐंशी हजारांपर्यंत अनुदान आहे, ते पाच वार्षिक हप्त्यांत मिळते. हे ऐकून बाईने विचारले, “घर कोठं?” मी म्हटले, नागपूरच्या बाजूला. ती म्हणाली, “मंग यायचं काम?” रोजच्या जाण्यायेण्याचा खर्च आणि वेळ हिशेबात घेतला तर तिचा प्रश्न चुकीचा नव्हता.

दुसरा पर्याय गावाकडचा. नवऱ्याचे गाव नरखेड तालुक्यात. तिथे सासऱ्याच्या नावे मातीचे दोन खणांचे घर आहे, आणि हक्कदार तीन भाऊ. ग्रामीण भागात आवास योजनेचे एक लाख वीस हजार मिळतात, त्याखेरीज रोजगार हमीतून नव्वद दिवसांची मजुरी आणि शौचालयाचे बारा हजार. जागाच नसलेल्या ग्रामीण लाभार्थ्याला जागा विकत घ्यायला राज्याची पंडित दीनदयाळ उपाध्याय योजना आहे. २०१५ मध्ये तिची मदत पन्नास हजार होती, ती आता एक लाखापर्यंत वाढवली आहे. हे सगळे चांगले आहे. पण घर तिकडे आणि पोट इकडे, त्याचे काय करायचे? नवरा म्हणतो, म्हातारपणी कामी येईल. बायको म्हणते, पोरांच्या शाळेचे काय? या वादात मी पडलो नाही. एवढे मात्र सांगितले की सासऱ्यांच्या हयातीतच भावाभावांचे संमतीपत्र करून घरठाणाची वाटणी नोंदवून घ्या, कारण पुढे वारसनोंद लावताना सहीसाठी एक भाऊ पुण्यात आणि दुसरा रुसलेला असतो. आणि हेही सांगितले की एकदा तिथे घरकुल घेतले की वीस वर्षे दुसरीकडे अर्ज करता येणार नाही.

कागदांची गोष्ट थोडक्यात, पण महत्त्वाची. उत्पन्नाचा दाखला तहसील कार्यालयातून, सेतू केंद्रामार्फत किंवा ‘आपले सरकार’ संकेतस्थळावरून मिळतो. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने त्याची मुदत पंधरा दिवस ठरलेली आहे. अर्जाची पोच घ्यावी, तारीख त्यावरूनच मोजतात. सरकारी कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्रावरचे मुद्रांक शुल्क राज्याने २००४ मध्येच माफ केलेले आहे. तरीही बाहेर टेबल टाकून बसलेला माणूस “मुद्रांकाशिवाय चालत नाही” असे ठासून सांगतो, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये शंभराचा मुद्रांक पाचशेचा झाल्यापासून हे सांगणे फार महाग पडते. आधार, रेशनकार्ड, बँकखाते या तिन्हींवर नाव एकसारखे असावे. आमच्या बाईचे आधारवर सासरचे नाव, शाळेच्या दाखल्यावर माहेरचे आणि रेशनकार्डावर या दोन्हींपेक्षा वेगळेच तिसरे होते. ते एकसारखे करण्यात तिचे पाच दिवस गेले, आणि पाच दिवसांची मजुरी.

सगळ्यात मोठी अडचण मात्र राहत्या पत्त्याची. भाडेकरूकडे पत्त्याचा पुरावा म्हणजे नोंदणी केलेला भाडेकरार, आणि तो करायला मालक तयार नसतो. कर वाढेल, खोली हातची जाईल, अशी त्याला भीती. वास्तविक १९९९ चा भाडे नियंत्रण कायदा जिथे लागू आहे, तिथे करार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी भाडेकरूची नाही, मालकाची आहे. नोंदवला नाही तर दंडाची, अगदी कैदेचीही तरतूद आहे, आणि वाद झालाच तर कराराच्या अटींबद्दल भाडेकरूचे म्हणणे खरे धरले जाते. म्हणजे नोंदणी ही मालकाच्याच फायद्याची. माझ्या बहिणीच्या शेजाऱ्यांना, म्हणजे त्या चार खोल्यांच्या मालकांना, मी हे चहा पिता पिता सांगितले. त्यांनी बशी खाली ठेवली. “तुमी म्हणता ते कायद्यानं बरोबर असंन,” ते म्हणाले, “पण कागद केला का मानूस हलत नाई, सर.” मी त्यांना माझ्या वडिलांची आणि कंट्रोलरची गोष्ट सांगितली नाही.

हे सगळे बाईला सांगून झाल्यावर मला आणखी एक योजना आठवली. घराची नव्हे, शिक्षणाची. दहावीनंतर शिकणाऱ्या, पण वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मुलामुलींसाठी समाजकल्याण विभागाची डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना २०१६-१७ पासून आहे. नागपूरसारख्या शहरात परगावाहून येऊन शिकणाऱ्या विद्यार्थ्याला तीत वर्षाला साठ हजार मिळतात. त्यात भोजनाचे बत्तीस हजार, निवासाचे वीस हजार आणि निर्वाहाचे आठ हजार. आदिवासी मुलांसाठी ‘स्वयम्’ आणि इतर मागासवर्गीयांसाठी ‘आधार’ अशा तशाच योजना आहेत. मुलगी बारावीनंतर नागपूरला शिकायला जाणार असेल तर हे पाहून ठेवा, एवढ्यापुरते मी बोललो होतो.

बाई थांबली. “निवासाचे म्हंजे? खोलीच्या भाड्याचे?”

“हो.”

“म्हंजे थ्या अर्जात जागा कोनाची ते इचारत नाई?”

“विचारतात. कुठे राहता, भाड्याने का, ते विचारतात. भाड्याचा करारनामा लागतो.”

ती पहिल्यांदा हसली. पोरगी आतून ऐकत होती, तीही बाहेर आली. बाईने बिस्किटाचा डबा उघडला, उत्पन्नाचा दाखला वर काढून ठेवला, घरकुलाचा अर्धवट अर्ज घडी करून तळाशी घातला आणि झाकण लावले. मग मला म्हणाली, “भाऊ, नागपुरात वळखीचा एखादा घरमालक हाये का तुमच्या? कागद करून देनारा?”

महालातल्या आमच्या जुन्या वाड्याच्या जागी आता सहा मजली इमारत आहे. त्याच गल्लीत एक शाळकरी मित्र अजून राहतो, त्याच्या वरच्या दोन खोल्या रिकाम्या आहेत. त्याला फोन केला आहे. विचार करून कळवतो म्हणाला.